वेबहुकची सिग्नेचर कधी जुळते, कधी नाही. बॉडीचं मधे होतं तरी काय?

खटपट्या (धागाकर्ता)

तीन दिवस डोकं धरून बसलोय, म्हणून शेवटी धागा काढतो. जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

फ्लास्कवर (पायथनमधलं वेब फ्रेमवर्क) एक छोटं अ‍ॅप आहे. दुसऱ्या एका सिस्टीममध्ये कुणी नोंदणी केली की ती सिस्टीम आमच्या एका यूआरएलवर पोस्ट रिक्वेस्ट मारते. हाच वेबहुक. बॉडीत (रिक्वेस्टच्या मजकुरात) जेसन असतो, म्हणजे ठराविक साच्यात लिहिलेला डेटा, आणि एका हेडरमध्ये त्या बॉडीचा एचमॅक, एसएचए-२५६ वाला, म्हणजे गुप्त किल्ली घालून काढलेला हॅश. हीच सिग्नेचर. गुप्त किल्ली दोघांकडे एकच. मी रिक्वेस्टमधून जेसन घेतो, तो डम्प्स करून परत स्ट्रिंग बनवतो, तिच्यावर एचमॅक काढतो आणि हेडरशी ताडून बघतो. जुळलं तर पुढे, नाहीतर ४०१, म्हणजे नकार.

सुरुवातीला एकही जुळत नव्हतं. मग कळलं की पायथन स्वल्पविराम आणि कोलननंतर स्पेस टाकतं, पाठवणारे टाकत नाहीत. सेपरेटर बदलले, जुळायला लागलं, मी खूश. प्रॉडक्शनला गेल्यावर मात्र बहुतेक रिक्वेस्ट सुरळीत जातात आणि मधूनच एखादी ४०१ खाते. तीच त्यांनी परत पाठवली तरी परत ४०१. किल्ली दहा वेळा तपासली. समोर एन्जिनएक्स (वेब सर्व्हर), मागे गुनिकॉर्न (पायथन अ‍ॅप चालवणारा सर्व्हर). माझ्या मशीनवर सगळ्या टेस्ट हिरव्या.

कोड ऑफिसचा आहे, इथे चिकटवता येत नाही. जे लागेल ते शब्दांत सांगतो.


गोगलगाय

"मधूनच" म्हणजे कधी, ते आधी शोधा. तीच रिक्वेस्ट परत पाठवली तरी पडते, म्हणजे हा वेळेचा किंवा लोडचा खेळ नाही, त्या रिक्वेस्टच्या पोटातच काहीतरी आहे. पडलेल्या चार आणि पास झालेल्या चार बॉडी जशाच्या तशा लॉग करा आणि शेजारी ठेवून बघा.


रात्रपाळी

किल्लीच्या शेवटी न्यूलाइन आली असेल. आमच्याकडे एनव्ही (सेटिंगच्या) फाइलमधून आली होती, दोन दिवस खाल्ले.


खटपट्या

@रात्रपाळी, तसं असतं तर एकही जुळलं नसतं ना? तरी बघितलं, नाहीये.
@गोगलगाय, लॉग लावतो.


जुना_खिळा

लॉग येईपर्यंत एक मूळ मुद्दा. तुम्ही "रिक्वेस्टमधून जेसन घेतो" म्हणालात, तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. फ्लास्क तुम्हाला जे रिक्वेस्ट ऑब्जेक्ट देतं ती रिक्वेस्ट नव्हे. चार हातांतून फिरून आलेली तिची समजूत आहे.

वायरवर येतात ते फक्त बाइट्स. पहिल्या ओळीत मेथड, पाथ आणि व्हर्जन, मग हेडर, मग एक रिकामी ओळ आणि त्यानंतर बॉडी. बॉडी कुठे संपते हे बॉडीत कुठेच लिहिलेलं नसतं. ते कंटेंट-लेंग्थ सांगतं, नाहीतर चंक्ड पद्धतीत शून्य लांबीचा तुकडा आला की संपलं असं धरायचं. हे सगळं आधी एन्जिनएक्सच्या हातात पडतं. तो मुळात पूर्ण बॉडी स्वतःकडे जमा करतो आणि मगच मागे सोडतो. मागे गुनिकॉर्न पहिली ओळ आणि हेडर वाचून एक डिक्शनरी बनवतो, तिला एन्व्हायरन म्हणतात. हेडरची नावं तिथे जाताना कॅपिटल होतात, आधी एचटीटीपी लागतं आणि डॅशचा अंडरस्कोर होतो. बॉडीला मात्र तो हात लावत नाही. फाइलसारखी उघडी नळी तशीच "डब्ल्यूएसजीआय.इनपुट" या नावाखाली पुढे देतो. ही देवाणघेवाण कशी करायची याचा करार म्हणजे डब्ल्यूएसजीआय. २००३ चा पेप (पायथनचा प्रस्ताव-दस्तऐवज) ३३३, आणि पायथन ३ साठी त्याची २०१० मधली सुधारित आवृत्ती, पेप ३३३३.

मग वेर्कझॉइग (फ्लास्क ज्यावर उभं आहे ती लायब्ररी) त्या डिक्शनरीभोवती ऑब्जेक्ट गुंडाळतं, यूआरएलवरून रूट शोधतं आणि तुमचं फंक्शन बोलावतं. लक्षात घ्या, इथपर्यंतही बॉडी कुणी वाचलेली नाही. तुम्ही जेसन मागता तेव्हा ती नळीतून ओढली जाते आणि पार्स होते. हा आळशीपणा मुद्दाम ठेवलेला आहे. रूटच सापडला नाही किंवा लॉगिनच नाही, तर ५० एमबी ओढून करायचं काय?

आता तुमचा कोड बघा. समोरच्याने सिग्नेचर केली बाइट्सवर. तुम्ही बाइट्सचा जेसन केला, जेसनची डिक्शनरी, डिक्शनरीची परत स्ट्रिंग, आणि सिग्नेचर ताडली त्या स्ट्रिंगवर. एखाद्याचं पत्र वाचून, अर्थ समजून घेऊन, आपल्या अक्षरात पुन्हा लिहून काढायचं आणि मग हस्ताक्षर जुळत नाही म्हणून तक्रार करायची, तसं झालं हे.


चिवट

पत्राचं उदाहरण आवडलं. वाचनखूण साठवली.


खटपट्या

सापडलं (अर्धं). पडलेल्या सगळ्या रिक्वेस्टमध्ये नाव देवनागरीत आहे, किंवा डोक्यावर टिंबं-काने असलेली युरोपीय अक्षरं आहेत. साध्या रोमन अक्षरांतली नावं सगळी पास. माझ्या टेस्टमध्ये सगळी नावं साधी रोमन, म्हणून हिरव्या!! पण का? दोन्हीकडे यूटीएफ-८ च आहे की.


अर्धमात्रा

कारण पायथनच्या डम्प्सला "एन्शुअर आस्की" नावाचा पर्याय आहे आणि तो मुळात चालू असतो. आस्कीबाहेरचं प्रत्येक अक्षर तो उलटी तिरपी रेघ, यू आणि चार हेक्स अंक अशा रूपात लिहितो.

एकच अक्षर घेऊन बघा. "र" चा युनिकोड क्रमांक ०९३०. पाठवणाऱ्याने तो यूटीएफ-८ मध्ये पाठवला, म्हणजे तीन बाइट्स: ई०, ए४, बी०. तुमच्या डम्प्सने त्याचं केलं तिरपी रेघ-यू-०-९-३-०, म्हणजे सहा बाइट्स, सगळे आस्की. जेसन म्हणून दोन्हींचा अर्थ एकच, कुठलाही पार्सर दोन्हींतून "र" च काढेल. एचमॅकला अर्थाशी देणंघेणं नाही. एक बिट हलला की पूर्ण हॅश वेगळा.

आता "मग तो पर्याय बंद करतो" असं म्हणाल. म्हणू नका. ते बंद केलंत की नावं जुळतील, आणि पुढच्या आठवड्यात कुणीतरी एखाद्या रकान्यात १२.५० पाठवेल. पार्स होऊन ते १२.५ होतं आणि लिहिताना १२.५ च राहतं, शून्य गेलं. त्यांनी उद्या त्यांचा भाग पीएचपीत लिहिला तर तिथलं जेसन एन्कोड मुळात यूआरएलमधल्या प्रत्येक स्लॅशच्या आधी तिरपी रेघ घालतं. तुम्ही किती भोकं बुजवणार? सेपरेटर बदललेत ना, तेही पहिलं भोक बुजवणंच होतं. जुळलं म्हणून कारण कळलंच नाही.

जेसनचं एकच ठरलेलं रूप काढायची पद्धतही आहे, २०२० चा आरएफसी (इंटरनेटच्या पद्धतींचा दस्तऐवज) ८७८५. पण ती दोन्ही बाजूंनी पाळायला हवी, आणि समोरचे पाळतात असं तुम्ही कुठे म्हटलेलं नाही.

सरळ उपाय: गेट_डेटा बोलावून कच्चे बाइट्स घ्या, त्यांच्यावर एचमॅक काढा, जुळला तरच गेट_जेसन. हा क्रम बिनधोक आहे, कारण गेट_डेटा वाचलेले बाइट्स ऑब्जेक्टमध्ये साठवून ठेवतं आणि गेट_जेसन तेच वापरतं. आणि ताडायला दोन बरोबरची चिन्हं नकोत, एचमॅक मॉड्यूलमधलं कंपेअर_डायजेस्ट वापरा. साधी तुलना पहिल्या वेगळ्या अक्षरावर थांबते, आणि किती वेळात थांबली यावरून बाहेरच्याला अंदाज बांधता येऊ शकतो.


गोगलगाय

+१. आणि रिक्वेस्टमधला फॉर्म आधी चाळून मग गेट_डेटा मागू नका. फॉर्म म्हणून आलेली बॉडी फॉर्म वाचतानाच नळीतून निघून जाते, आणि ती साठवली जात नाही. मागाहून गेट_डेटा रिकामे बाइट्स देतं, तेही एररशिवाय. तुमच्याकडे जेसन आहे म्हणून यात सापडणार नाही, पण सांगून ठेवलं.


खटपट्या

अर्धमात्रा, साष्टांग. पण आता नवंच. गेट_डेटा लावलं आणि सगळ्याच रिक्वेस्ट पडायला लागल्या. बॉडीची लांबी शून्य येते. कंटेंट-लेंग्थ हेडरमध्ये मात्र ३१२ आहे. आणि माझ्या मशीनवर तर ब्राउझर नुसता गोल गोल फिरत राहतो, उत्तरच येत नाही.


जुना_खिळा

कालपासून अजून काय बदललंत?


खटपट्या

काही नाही.
.
.
थांबा. लॉग लावला ना, गोगलगाय यांनी सांगितला तो. अ‍ॅपच्या बाहेर एक डब्ल्यूएसजीआय मिडलवेअर (रिक्वेस्टच्या वाटेत मधे बसणारा कोड) लिहिलं, इनपुटवर रीड मारतो आणि लॉगमध्ये लिहितो. अरे देवा. नळी!


गोगलगाय

माझ्या सल्ल्याने घर बुडालं :) माफी असावी, कसा लॉग करायचा ते सांगायला हवं होतं.

नळीतून एकदा वाहून गेलेलं पाणी परत वर चढत नाही. तुमच्या मिडलवेअरने ३१२ बाइट्स पिऊन टाकले, मागे फ्लास्कला कोरडी नळी मिळाली. वाचलंत तर परत भरून ठेवायचं: वाचलेले बाइट्स बाइट्सआयओमध्ये (मेमरीतली फाइलसारखी वस्तू) घालून एन्व्हायरनमधल्या इनपुटच्या जागी तो ठेवायचा.

मशीनवर लटकण्याचं कारण वेगळं आहे. रीडला किती वाचायचं ते सांगितलं नाहीत. गुनिकॉर्न कंटेंट-लेंग्थ संपली की "संपलं" म्हणतो. डेव्हलपमेंट सर्व्हर तुमच्या हातात जवळजवळ सॉकेटच देतो. सॉकेटचा शेवट येतो तो समोरच्याने कनेक्शन बंद केल्यावर, आणि समोरचा तर तुमच्या उत्तराची वाट बघत बसलाय. दोघंही "आधी आप" करत बसतात. पेप ३३३३ म्हणतो की सर्व्हरने शेवट दाखवावा, पण तो "दाखवावा" आहे, "दाखवलाच पाहिजे" नाही. म्हणून कंटेंट-लेंग्थ बघून तेवढेच बाइट्स मागा.

आणि खरं तर मिडलवेअर काढूनच टाका. लॉग व्ह्यूमध्ये गेट_डेटानंतर करा, तोही डीबगपुरता. नावं-पत्ते असलेली बॉडी महिनोन् महिने लॉग फाइलमध्ये पडून राहणं हे वेगळं दुखणं.


पाहुणा_७

नोडवाल्यांसाठी (सर्व्हरवरचं जावास्क्रिप्ट) तीच गोष्ट: एक्सप्रेसमध्ये (नोडचं वेब फ्रेमवर्क) वर ग्लोबल जेसन पार्सर लावलेला असला की तुमच्या रूटपर्यंत येईतो कच्ची बॉडी गेलेली असते. वेबहुकचा रूट त्या ओळीच्या वर लिहायचा आणि त्याला रॉ पार्सर द्यायचा. किंवा जेसन पार्सरला व्हेरिफाय नावाचं फंक्शन देता येतं, त्याला पार्स व्हायच्या आधीचा बफर मिळतो, तिथेच सिग्नेचर तपासायची. मिडलवेअरचा क्रम म्हणजे कोडमधल्या ओळींचा क्रम, हे एक्सप्रेसमध्ये सगळेच एकदा ठेच लागून शिकतात. आणि तो पार्सर मुळात १०० केबीपर्यंतच घेतो, त्यापुढे ४१३ (बॉडी फार मोठी).


रात्रपाळी

४१३ वरून आठवलं. ४१३ आला आणि अ‍ॅपच्या लॉगमध्ये त्या रिक्वेस्टचा मागमूस नसेल तर एन्जिनएक्सकडे बघा. त्याची मूळ मर्यादा १ एमबी. फ्रेमवर्कमध्ये मर्यादा वाढवून काही होत नाही, रिक्वेस्ट दारातूनच परत गेलेली असते.


चिवट

अवांतर: आमच्याकडे एकाने "नोंद काढून टाका" ची लिंक गेट रिक्वेस्टवर ठेवली होती. ती लिंक चॅटमध्ये टाकली, चॅटच्या प्रिव्ह्यू बॉटने ती उघडून बघितली आणि नोंद गायब. कुणी क्लिकसुद्धा केलं नव्हतं.


जुना_खिळा

@चिवट, अवांतर असलं तरी अस्सल. २००५ मध्ये गूगल वेब अ‍ॅक्सलरेटर आलं तेव्हा हेच झालं होतं. ते पानावरच्या लिंक आधीच उघडून ठेवायचं, त्यात "डिलीट" च्या लिंकही उघडल्या गेल्या. तेव्हा अ‍ॅप लिहिणाऱ्यांनी बरीच ओरड केली, पण गेटने काही बदलू नये हे एचटीटीपीच्या प्रमाणात त्याच्या कितीतरी आधीपासून लिहिलेलं होतं.


खटपट्या

सिग्नेचर १०० टक्के जुळतेय! दोन दिवसांत एकही खोटा ४०१ नाही. सगळ्यांचे आभार.

पण धागा बंद करत नाही, कारण आता नोंदणी करणाऱ्यांना स्वागताची ईमेल दोनदा जातेय. कुणाला तीनदा. हे आधीही होत असणार, ४०१ च्या गोंधळात दिसलं नाही. रिक्वेस्ट आली की मी क्रमाने करतो ते असं: डेटाबेसात नोंद, ईमेल, मग एक पीडीएफ बनवून स्टोरेजवर अपलोड, आणि शेवटी २०० (सगळं ठीक). पीडीएफला कधी कधी अर्धं मिनिट लागतं.


अर्धमात्रा

अर्धं मिनिट! गुनिकॉर्नचा मूळ टाइमआउट ३० सेकंदांचा. साधा सिंक वर्कर तेवढ्या वेळात परतला नाही की तो अडकला असं समजून मास्टर त्याला मारतो आणि नवा उभा करतो. एन्जिनएक्सला मागून उत्तर मिळत नाही, तो पाठवणाऱ्याला ५०२ (मागून नीट उत्तर नाही) देतो. पाठवणारा म्हणतो, पोचलं नाही वाटतं, परत पाठवू. तोवर तुमची ईमेल केव्हाच गेलेली. दुसऱ्या फेरीत तीच कथा. लॉगमध्ये "वर्कर टाइमआउट" शोधा, असणार.

टाइमआउट १२० करू नका. पाठवणाऱ्याचाही स्वतःचा टाइमआउट असतो आणि तो तुमच्या हातात नाही.


खटपट्या

आहे. ओळीच्या ओळी आहेत. मग सेलरी (कामं मागे रांगेत चालवणारी लायब्ररी) आणि रेडिस (ती रांग ठेवणारं) आणावं लागणार का? छोटं अ‍ॅप आहे हो.


पाहुणा_७

आणाच. आज ना उद्या लागतंच. रिट्राय, वेळापत्रक, सगळं आयतं मिळतं.


जुना_खिळा

असहमत. दिवसाला किती नोंदण्या येतात ते आधी विचारू या. शंभर-दोनशे असतील तर डेटाबेसातलं एक टेबल पुरे. रिक्वेस्ट आली, सिग्नेचर तपासली, कच्ची बॉडी जशीच्या तशी टेबलात टाकली, २०० दिला. एवढंच, मिलिसेकंदांचं काम. दुसरा एक छोटा प्रोसेस ते टेबल बघत राहील आणि ईमेल-पीडीएफ सावकाश करेल. रेडिस आणलंत तर ते चालू आहे की नाही हे बघणंही तुमच्याच गळ्यात.

खरा कळीचा मुद्दा तिसराच. सगळं झटपट केलंत तरी एखादी रिक्वेस्ट दोनदा येणारच. तुम्ही २०० दिला आणि तो वाटेतच हरवला, तर पाठवणारा परत पाठवेल, आणि त्याचं बरोबरच आहे. तेव्हा प्रत्येक घटनेचा जो आयडी बॉडीत येतो (येतो ना?) त्यावर युनिक कन्स्ट्रेंट (तोच आयडी दुसऱ्यांदा घालू न देणारी डेटाबेसची अट) लावा.


खटपट्या

येतो. "आधी आहे का बघा, नसेल तर घाला" असं करू?


गोगलगाय

नको. दोन वर्करवर तीच रिक्वेस्ट एकाच वेळी आली तर दोघंही बघतात "नाहीये", दोघंही घालतात. सरळ घालायला जा. कन्स्ट्रेंटने अडवलं तर ती एरर पकडा आणि तरीही २०० द्या. इथे लोक ४०९ (आधीच्या नोंदीशी टक्कर) देतात, आणि पाठवणारा २०० सोडून सगळ्याला अपयश मानत असेल तर तो परत परत पाठवत बसतो. तुमच्याकडे नोंद आहे, त्याला "मिळालं" असंच सांगायचं.


अर्धमात्रा

आणि मागचा प्रोसेस ईमेल पाठवून, तशी खूण करायच्या आधीच मेला तर ईमेल परत जाईल, हे धरून चाला. ती फट पूर्ण बुजत नाही. ईमेल, पीडीएफ, अपलोड यांच्या खुणा वेगवेगळ्या ठेवा म्हणजे निदान पीडीएफ पडल्यामुळे ईमेल दुसऱ्यांदा जाणार नाही.


खटपट्या

दिवसाला दीडशेच्या आसपास. टेबलच करतो.

(दोन दिवसांनी)

झालं. उत्तर आता ४० मिलिसेकंदांत जातं. काल त्यांच्या बाजूने एक घटना तीनदा आली, टेबलात एकच ओळ, ईमेल एकच. आधी ४०१ देऊन हाकललेल्या रिक्वेस्टची यादी लॉगमधून काढून त्यांना दिली, त्यांनी त्या परत पाठवल्या. आणि टेस्टमध्ये आता पहिलंच नाव देवनागरीत आहे.


रात्रपाळी

उशिरा आलो, पण एक भर. सिग्नेचरच्या हेडरच्या नावात अंडरस्कोर असेल तर एन्जिनएक्स तो हेडर मुळात गुपचूप गाळतो. डॅश आणि अंडरस्कोर दोन्ही एन्व्हायरनमध्ये एकाच नावाचे होतात, त्याचा गैरफायदा कुणी घेऊ नये म्हणून. आमच्याकडे हेडर "येतच नाही" म्हणून समोरच्यांशी आठवडाभर भांडलो. ते पाठवत होते.


नवखा_प्रवासी

धागा वाचून माझी शंका विचारू का? मी उलट्या बाजूला आहे, वेबहुक पाठवणारा. नोडमध्ये सॉकेटवर रिक्वेस्ट हातानेच लिहितोय (शिकण्यासाठी). समोरचा म्हणतो जेसन मधेच तुटलेला येतो. फक्त मराठी मजकूर असला की. कंटेंट-लेंग्थ बरोबर टाकतोय, स्ट्रिंगची लेंग्थ घेऊन.


अर्धमात्रा

"मराठी" या शब्दाची लेंग्थ तुमच्या कोडला विचारा. मग त्याच शब्दाची बफर.बाइटलेंग्थ विचारा.


नवखा_प्रवासी

५ आणि १५. अच्छा!!


जुना_खिळा

आणि उरलेले दहा बाइट्स सॉकेटमध्येच पडून राहतात. कनेक्शन चालू ठेवलेलं असेल तर समोरचा सर्व्हर त्यांनाच पुढच्या रिक्वेस्टची पहिली ओळ समजून वाचायला घेतो आणि ४०० (चुकीची रिक्वेस्ट) देतो. लॉगमध्ये तो ४०० दिसला तर घाबरू नका, ते तुमचंच शेपूट आहे.